सोवळा पाला

आज सकाळी विमान आलं! राजापेठेच्या छपरांवरून इतकं खाली गेलं की समोरच्या काकू शपथेवर सांगताहेत, त्यांच्या दोरीवरची लुगडी हलली. पोरं गच्चीवर, शेजारी रस्त्यावर, सगळ्यांच्या माना वर. "पऱ्हाटीवर पावडर मारायला निघालं," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, जसं काही विमान यानेच पाठवलंय. भादवा लागला, कपाशीला बोंडं धरली, बोंडात अळी आली की विमान येतं. आता दरवर्षीच येतं. मी खाली आले आणि खिडकी लावून घेतली.

पावडरीचा वास इथपर्यंत येत नाही, मला माहीत आहे. शेतं किती लांब! पण नाकाला कुठे कळतं अंतर? तळघरात पडून बुरशी धरलेलं गोणपाट असतं ना, तसा कुबट वास, आणि त्यात एक गोडूस घाण. तो नाकात राहत नाही, घशाच्या मागे जाऊन बसतो. गूळ खा, पाणी प्या, तो तिथेच. विमानाचा आवाज ऐकला आणि मला तो घशात लागला. मग डोळ्यांपुढे हिवरखेड, मामाचा पानमळा आणि इंदूवहिनी. मला सगळं सांगायचंय आणि सगळं एकदमच सांगायचंय, म्हणून आधी मळाच सांगते, नाहीतर घोटाळा होईल.

मी आठवीत होते. बाबांची बदली झाली आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला मामाकडे ठेवलं. हिवरखेडच्या उत्तरेला, सातपुड्याचा चढ जिथे सुरू होतो त्याच्या पायाशी, मामाचा पानमळा. दक्षिणेला नजर पोचेल तिथवर पाटलाची पऱ्हाटी, उत्तरेला जंगल, आणि मध्ये हा हिरवा काळोख. विड्याच्या पानांचे वेल शेवरीच्या झाडांवर चढवलेले, रांगाच्या रांगा, वर पानांचं छत, भोवती तट्ट्यांचा कूड. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत ओलं, गार, अंधारं. आत शिरायचं तर चपला बाहेर, पाय धुवायचे, थुंकायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. मामा आत जाताना उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावायचा. देऊळच ते! देवळासारखाच त्याचा एक कायदाही होता. ज्या बाईचे बाहेर बसायचे दिवस आहेत तिने आत पाऊल टाकायचं नाही. तिची सावली पडली तरी वेल सुकतो, पान कडू होतं. मामी त्या कायद्याची चौकीदार होती. घरातल्या कुठल्या बाईचा कुठला दिवस, हे तिला पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक.

आणि पान तरी कसं होतं! मामा म्हणायचा, "माह्या पानाले कात-चुन्याची गरज नाई. नुसतं चावा, जिभेवर आपसूक विडा होते." अकोल्याचा व्यापारी हिवरखेडात उतरला की आधी मामाच्या ओसरीवर. मामा दुसऱ्या कशाने फुगत नव्हता, पानाच्या चवीने फुगायचा.

त्या चवीचं कारणही तो सांगायचा. "आमी वेलाले गावखत घालत नाई. गावखतात काय काय, कोणाच्या पायाखालचं, कोणाले ठाऊक! आमी जंगलचा पाला घालतो. त्याले माणसाचा हात नाई लागला. सोवळा पाला हाये तो." शिमग्याच्या सुमारास सागाची, धावड्याची पानं गळून जंगलात घोट्याएवढा थर साचायचा. तो छकड्यात भरून आणायचा आणि वेलांच्या पायाशी पसरायचा. वाडवडलांपासूनची रीत.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची, दिगूदादाची बायको. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. माहेर कौंडण्यपूरचं, भाऊ फुलं पिकवतात. बोलायला लागली की थांबायची नाही. भाकरी थापता थापता मला म्हणायची, "कुसुम, आमचं गाव रुख्मिणीचं माहेर हाये, समजलं? पण तिचं नशीब पाय. तिले न्याले देव रथ घेऊन आला. मले न्याले तुहा दादा आला, तो भी उसना छकडा घेऊन! अन् वाटेत बैल बसला!" मग स्वतःच इतकी हसायची की भाकरी करपायची. मामी आतून ओरडायची, "इंदे, दात आत घे!"

विमान मात्र आमच्याकडे पहिल्यांदा आलं ते मी मामाकडे राहायला आले त्याच्या आदल्या भादव्यात. मी तेव्हा पोळ्याला आले होते आणि मुक्काम लांबला होता. बाप रे, काय मजा! सगळं गाव शिवारात. विमान पऱ्हाटीवर उतरतं की काय इतकं खाली यायचं, शेपटीतून पांढरा लोट सोडायचं आणि टेकडीच्या तोंडाशी जाऊन भर्रकन वर उठायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. पावडर सगळी पऱ्हाटीवर थोडीच पडते? अर्धी पडायची, अर्धी ढगासारखी उठून वाऱ्यावर निघायची, मळ्याच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या जंगलावर आदळायची. आदळायची आणि नाहीशी! अगदी जादू. मोठा पांढरा ढग जंगलात शिरायचा आणि पलीकडून काहीच बाहेर यायचं नाही. सागाची ती खरखरीत, सुपाएवढी पानं, प्रत्येक पान जणू पुढे केलेला हात.

मामा कूडापाशी उभा राहून म्हणाला, "पाह्यलं? जंगलानं गिळून घेतलं. आपल्या मळ्यावर कणभर नाई. जंगल हाये म्हणून आपण हाओत."

गिळलं म्हणजे संपलं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. मलाही! मलेरियावाले घराच्या भिंतींवर डीडीटी मारून जायचे, चार दिवस वास यायचा, मग आपण विसरायचो. तसंच हे. जंगल केवढं मोठं, पावडर केवढीशी. पण गिळलेलं जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. मी हल्ली फार विचार करते यावर. आपण म्हणतो जंगल गाळणी आहे. बरं, आहे. पण गाळणी कधीतरी झटकावी लागते ना! जंगल आपलं आपण झटकतं, वर्षातून एकदा, शिमग्याला. जे जे पानांनी धरलं ते सगळं खाली टाकतं. आणि नेमकं तेव्हाच आम्ही छकडा घेऊन जात होतो.

त्या वर्षीचा पाला पसरला आणि मामीच्या कोंबड्या त्यात उकरायला धावल्या. एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली आणि पडली. मग दुसरी. "नजर लागली," मामी म्हणाली आणि मीठमिरच्या ओवाळल्या. वेलांच्या पायाशी माती उकरली की एरवी गांडुळांची वळवळ असायची, ती दिसेना. मुंग्यासुद्धा नाहीत. मळा नेहमीसारखाच हिरवागार, उलट जास्तच देखणा, फक्त खाली सगळं गप्प.

श्रावणात व्यापारी आला. ओसरीवर बसला, करंडीतून पान उचललं, तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि अंगणात थुंकला. "भाऊ, हे पान हाये का ढेकणाचं औषध?"

बसलेले सगळे हसले. मामा हसला नाही. त्याने स्वतः एक पान घेतलं. चावलं. मग दुसऱ्या रांगेतलं आणवलं. तेही चावलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो चेहरा माझ्या देखत म्हातारा झाला. मीही एक पान खाल्लं. तोच वास! घशाच्या मागे. पण मला तरी विमान कुठे आठवलं? विमानाची पावडर तर जंगलाने गिळली होती. पाला तर सोवळा होता. मग घरात सोवळं नाही असं काय उरलं?

बाई उरली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मामीने इंदूवहिनीला ओसरीवर बोलावलं. मामा बाजेवर, दिगूदादा खांबाला टेकून सुतळी वळत बसलेला, शेजारच्या दोघीतिघी कुंपणाशी काम नसताना उभ्या.

"इंदे, खरं सांग. दोन महिने झाले, तू बाहेर बसली नाई."

इंदूवहिनीने मान खाली घातली आणि हसली. असं लाजून, ओठ दाबून. ते हसू मला आजही जसंच्या तसं दिसतं. गौरीला भाऊ न्यायला येणार होता, पहिली बातमी आईला सांगायची म्हणून ती पोटात धरून बसली होती.

"हासून राहिली!" मामी कुंपणाकडे वळून ओरडली. "पाह्य वो बायांनो, मळा नासला अन् ही हासून राहिली! दिवस लपवते अन् मळ्यात जाते!"

"नाई वो आत्याबाई," ती घाबरून म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मले दिवस गेले. म्हणून नाई बसली."

मला वाटलं, आता मामी तिला जवळ घेईल. साखर आणा म्हणेल. मी उठलेसुद्धा साखर आणायला!

"बरी आठवण झाली," मामी म्हणाली. "मळ्याचं नाव निघालं तवाच दिवस गेले? काल नाई गेले? परवा नाई गेले?"

"दिगू, तू सांग," मामा म्हणाला.

दिगूदादाने सुतळीला आणखी एक पीळ दिला. "बायांचं मले काय ठाऊक," तो म्हणाला.

मामा वाईट माणूस होता का? मला नाही वाटत. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्याने शांतपणे, देवळातला गुरव बोलतो तसं सांगितलं, "मळा सोवळा करा लागते. ज्याच्या पायानं विटाळ आला त्याच्याच डोक्यावरून सोवळं आलं पाह्यजे." म्हणजे काय, तर इंदूवहिनीने उपाशीपोटी, ओल्या लुगड्याने, अनवाणी जंगलात जायचं आणि डोक्यावरून पाला आणायचा. छकडा नाही, कोणाचा हात नाही. सगळ्या रांगा झाकेपर्यंत. वेलाचं पान गोड झालं की ती सुटली.

श्रावण-भादव्यातला पाला! शिमग्यातल्यासारखा कुरकुरीत नाही. वरचा थर कुजून काळा, चिकट, खाली ओल धरलेला. पाटीत भरला की तळातून पाणी गळायचं. ती डोक्यावर पाटी घेऊन उतारावरून यायची आणि ते काळं पाणी तिच्या भांगातून, कपाळावरून, पापणीवरून ओठांवर यायचं. दोन्ही हात पाटीला, पुसणार कशाने? ती ओठ आत घ्यायची आणि फुर्र करून उडवायची, घोड्यासारखं. मी हसले की तीही हसायची. खरंच हसायची! पहिले काही दिवस तिला वाटत होतं, हे होईल आणि संपेल.

एकदा मी तिच्यासोबत जंगलात गेले. शाळा सुटली होती. आम्ही सागाखाली पाटी भरत होतो आणि विमान आलं. त्या वर्षीचं. या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत, झाडांमुळे दिसतच नव्हतं, नुसता आवाज छातीत. मग थोड्या वेळाने वरून पीठ यायला लागलं. हळूहळू, पानापानांवरून घसरत, चाळणीतून यावं तसं. सगळं हिरवं राखेसारखं झालं. एक पाखरू ओरडत होतं ते थांबलं. इंदूवहिनीने हात पसरले, तळव्यावर, दंडावर, पोटावर पांढरं. "पाय कुसुम, जंगल मले हळद लावून राहिलं! पांढरी हळद! दुसऱ्यांदा लगन लागते काय माहं?" मग तिला खोकला आला. तिने तोंड पुसलं आणि पाटी उचलायला वाकली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ती मळ्याच्या कूडाशी खाली बसली. पाटी बाजूला कलंडली. मी पाणी आणायला धावले आणि परत येईपर्यंत मामी पोचली होती. मला तिने तिथूनच हाकललं. तिचं रक्ताने भिजलेलं लुगडं बदलल्यावर, सगळं धुऊन झाल्यावर, मामी ओसरीवर येऊन मामाला म्हणाली, "पाह्यलं? मळ्यानं आपलं घेतलं." तिच्या आवाजात दुःख नव्हतं. हिशेब जुळल्यासारखा आवाज होता तो. कुंपणापाशी बायका पुन्हा उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "आता पान सुधरंल." कोणालाच ते बोलणं वाईट वाटलं नाही. मला सगळ्यात भयंकर हेच वाटतं, की त्या दिवशी घराला बरं वाटलं. आरोप खरा निघाला म्हणून बरं वाटलं.

गौरीला तिचा भाऊ आला तो न्यायलाच. परत कोणी बोलावलं नाही. दिगूदादाचं दुसरं लग्न झालं, मी त्यात करवली होते, लाडू चांगले होते.

पान सुधारलं नाही, बिघडलंच. बिघडणारच होतं! दोन भादव्यांची पावडर त्या मातीत उतरली होती. शेवटी मामाने वेल उपटले, शेवरी तोडली आणि तिथे पऱ्हाटी लावली. आता मामाच्या पऱ्हाटीवरूनही विमान फिरतं. मामा कूडापाशी उभा राहून वर बघतो आणि हात दाखवून सांगतो, इकडून मार, इकडून. कूड आता नाही म्हणा, सवयीने तिथेच उभा राहतो.

हे सगळं माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं, सुटं सुटं. जोडलं गेलं ते गेल्या वर्षी कॉलेजात. वनस्पतीशास्त्राच्या सरांनी आंब्याचं पान आणलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा घरंगळून गेला. मग रॉकेलचा थेंब टाकला. तो पसरला आणि पानाने तो शोषून घेतला! सर म्हणाले, पानाच्या कातडीवर मेण असतं. ते पाण्याला नको म्हणतं, तेलाला ये म्हणतं. आणि शेतावर मारतात त्या पावडरी पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, मेणात विरघळतात. म्हणून पावसाने पान धुतलं तरी सगळी जात नाही. हवेतलं विष पानाच्या मेणात जाऊन बसतं, पान गळतं, माती होतं, आणि काळी माती ते वर्षानुवर्षं सोडत नाही. कोठारच ते.

मी उभीच राहिले. "सर, त्या मातीतल्या पिकाला चव लागते का?"

"बटाट्याला कुबट चव लागते असं वाचलंय कुठेतरी."

"आणि सर, बाईला दिवस गेले असतील, आणि तिने ती माती..."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. सर म्हणाले, "ते कोणी पाहिलंच नाही अजून. सांगता येत नाही." आणि फळा पुसला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुःखाने नाही, खरं सांगते, आनंदाने! विटाळ नव्हताच! पावडर होती! मला धावत जाऊन कोणालातरी सांगायचं होतं. मामाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, दोन बुकं शिकली अन् आली. सांगायचं तर एकाच माणसाला.

म्हणून कार्तिकात मैत्रिणी कौंडण्यपूरच्या यात्रेला निघाल्या तेव्हा मीही एस्टीत चढले. देवळाच्या वाटेवर हारवाल्यांच्या रांगेत ती सापडली. झेंडूचा ढीग पुढ्यात, हातात सुई. वाळली होती. पण मला बघताच तोंड सुटलं. "अवं कुसुम! केवढी झाली वो! लुगडं नेसती कधी? का मेमसाब होते?" मला शेजारी बसवलं, भावाच्या पोरांना हाक मारून मला दाखवलं. मग हार ओवता ओवता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मळा कसा हाये?"

दादा कसा आहे, नाही विचारलं. मळा.

"मळा काढला, वहिनी. मामाने पऱ्हाटी लावली."

तिची सुई थांबली. "म्हणजे पान गोड झालंच नाई," ती हळूच म्हणाली. "माह्यानं पुरं झालं नाई ना ते. आखरीच्या रांगा राह्यल्या होत्या."

मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं, भराभर, एका दमात. विमान, ढग, सागाची पानं, मेण, रॉकेलचा थेंब. झेंडूचं पान तोडून हातावर घेऊन दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे विटाळ नव्हता?"

"नव्हता!"

"माह्या पायानं काही नासलं नाई?"

"काहीच नाही, वहिनी! पाल्यातच पावडर होती. जंगलाने धरून ठेवलेली."

तिचा चेहरा उजळला. अगदी बैल बसल्याची गोष्ट सांगताना उजळायचा तसा. मला इतकं छान वाटलं! क्षणभरच. मग त्या चेहऱ्यामागून काहीतरी चालत येताना मला दिसलं.

"पाल्यात होती."

"हो."

"जो म्या आणला. डोक्यावरून."

मी हातातलं झेंडूचं पान चुरगाळलं.

"ते पाणी ओठावर यायचं, त्यात भी असंन?"

"वहिनी, त्याचं सर म्हणाले की कोणी पाहिलंच नाही, सांगता येत नाही..."

ती ऐकत नव्हती. "इतके दिवस म्या देवाले दोष देल्ला वो," ती म्हणाली. "बरं होतं ते. देव दूर राह्यते." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, रागाने नाही, "काहून सांगतलं वो मले?"

समोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. "ओ बाई, हार देता का?" तिने हार दिला, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मला म्हणाली, "जाय, तुही एस्टी सुटंल." मी उठले. वळून बघितलं तेव्हा तिने ढिगातून पुढचं फूल उचललं होतं. ओवण्याआधी ते नाकाजवळ नेलं, हुंगलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं उचललं. तेही बाजूला ठेवलं.